सर्जेरावचा हात

सर्जेराव घर सोडून शहरात आला तो बापाला झोडपून.

बाप काकासाहेब फुलंब्रीकडच्या एका खेड्यातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. जमीन होती, विहिरीला पाणी होतं, घरात कशाची वाण नव्हती. पण माणूस भडक डोक्याचा. घरात आसूड एकच, तो बैलांवर चालायचा आणि पोरांवरही. सर्जेरावला मिसरूड फुटायला लागलं होतं त्या वयात एका दुपारी त्यानं तो आसूड बापाच्या हातातून हिसकावला आणि बापालाच अंगणात लोळवून मारायला सुरुवात केली. आई मध्ये पडली, चुलता धावत आला, तरी तो थांबेना. शेवटी दमला म्हणून थांबला. आसूड तिथंच टाकला, चालत सडकेला आला आणि मिळेल त्या ट्रकमध्ये बसून औरंगाबाद गाठलं. क्लीनर झाला, ड्रायव्हर झाला, पडेगावात दोन खोल्या बांधल्या, लग्न केलं. गावाकडं पुन्हा गेला तो थेट बापाच्या मातीला.

ही हकिगत त्यानं मला अंतूर किल्ल्याच्या तटावर बसून सांगितली, भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता, जशी दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी. मी तेव्हा टपाल खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. रविवारी किल्ले-लेणी बघत हिंडायचा नाद असलेलं आमचं पाच-सहा जणांचं टोळकं होतं, आणि सर्जेरावची बोलेरो आमची ठरलेली गाडी होती.

या आडवाटेच्या धंद्यात तो पडला तोही मारामारीमुळंच. आधी वर्षानुवर्षं तो स्टेशनजवळच्या टुरिस्ट गाड्यांच्या स्टँडवर होता. वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, संध्याकाळी परत. एकदा दिल्लीकडचं एक जोडपं त्याच्याशी बोलणी करत असताना मोतीराम नावाच्या ड्रायव्हरनं मध्येच त्यांची बॅग उचलून स्वतःच्या गाडीत ठेवली. सर्जेरावनं सीटखालून टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, काढली आणि मोतीरामच्या तोंडावर घातली. जबडा फुटला. मोतीराम बरेच दिवस नळीनं पेज पीत होता. प्रकरण आपसात मिटलं, पण स्टँडवरच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनं, युसूफभाईंनी, सर्जेरावच्या खांद्यावर हात न ठेवता, लांबूनच सांगितलं, "सर्जेभाई, अब इधर नक्को आना. तुम्हारा हाथ तुमसे बड़ा हो गया."

मग तो आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना घेऊन अंतूर, लहूगड, वेताळवाडी, पितळखोरा असा हिंडू लागला. दौलताबादच्या रांगेत उभे राहणारे लोक इकडं फिरकत नाहीत. गडावर एखादा गुराखी, दोन-चार म्हशी आणि आपण. सर्जेरावला इतिहासाची गोडी नव्हती, कोणत्या राजवटीत कोणता बुरूज बांधला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण वर आलं की तो टाक्याच्या काठावर आडवा व्हायचा आणि त्याचा चेहरा सैल पडायचा. "इथं कुणी आडवं येत नाय बगा," असं म्हणायचा.

एकदा मात्र आडवं आलं. लहूगडावर दोन पोरं खांबावर ऑइलपेंटनं आपली आणि कुणाकुणाची नावं लिहीत होती. आम्ही त्यांना समजावत होतो तेवढ्यात सर्जेरावनं एकाला उचलून आपटलं आणि दुसऱ्याचं तोंड त्याच ओल्या रंगावर घासलं. पोरं रडत पळाली. आमच्यातल्या एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, जेवताना त्याच्या ताटात आग्रहानं जास्तीची पोळी वाढली.

त्याच्या बायकोला, चंपाबाईला, मी बऱ्याच उशिरा ओळखू लागलो. ती मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. उंच, कमी बोलणारी बाई. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. पुतण्याच्या लग्नात ती नवऱ्या मुलाच्या मामाच्या कुठल्यातरी विनोदाला मोठ्यानं हसली, एवढंच कारण. घरी आल्यावर सर्जेरावनं एक ठेवून दिली आणि पडदा फाटला. एकुलती एक लेक संध्या तेव्हा शाळेत होती. पुढं ती नर्स झाली ती त्या कानामुळं, असं ती स्वतः म्हणते. शिकून नोकरीला लागल्याबरोबर तिनं सिडकोत खोली घेतली आणि आईला म्हणाली, चल. चंपाबाई गेली नाही. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

वेताळवाडीचं प्रकरण झालं ते दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात.

आकाश आमच्याबरोबर दोन-तीन वेळा किल्ल्यांवर आलेला मुलगा. शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बौद्ध कुटुंबातला, हसतमुख, सारखा फोटो काढणारा. त्याच कारखान्यात श्रेया नावाची मुलगी ऑफिसात होती. तिचं माहेर अजिंठ्याजवळच्या एका खेड्यातलं, गावात मान असलेलं शेतकरी घर. दोघं कंपनीच्या बसमध्ये भेटली, आणि त्या महिन्यात दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलीच्या घरच्यांना कळल्यावर गोंधळ झाला, मग एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेला दोघं फसली. आकाशला वाटलं, झालं ते लोकांनी पचवलं. त्यानं सर्जेरावला फोन केला, "काका, श्रेयाला वेताळवाडी दाखवायचीय. रुद्रेश्वरची लेणी आणि किल्ला."

सकाळी ते निघाले. अजिंठा गावात चहा-पोह्याला थांबले. श्रेयानं तोंडावर स्कार्फ बांधलेला होता, तो चहापुरता सोडला. तेवढ्यात पलीकडच्या किराणा दुकानातल्या माणसानं तिला ओळखलं. तो तिच्या आत्याचा दीर. पुढं पोलिसांत त्यानं सांगितलं, की मी फक्त तिच्या घरी फोन केला.

हळदा घाटाच्या वळणावर सर्जेरावनं गाडी लावली. तिथून किल्ल्याची तटबंदी समोर पसरलेली दिसते. तो गाडीतच झोपणार होता, पण श्रेया म्हणाली, "काका, तुम्ही पण चला ना. आमच्या दोघांचा एकत्र फोटो कोण काढणार?" म्हणून तो वर गेला. दरवाज्यावर कोरलेले शरभ, ते सिंहासारखे काल्पनिक प्राणी, बघून, टाक्यातलं पाणी तोंडावर मारून, गवतातनं चालत तिघं उत्तरेच्या टोकाला आली. तिथं दोन कमानींची बारादरी उभी आहे. खाली धरणाचं पाणी, त्यापुढं कपाशीची शेतं. दुपारची वेळ होती, वर दुसरं कुणी नव्हतं. दोघं कमानीत उभी राहिली आणि सर्जेराव आकाशचा मोबाइल डोळ्यांसमोर धरून मागं-पुढं होत होता.

मोबाइलच्या पडद्यावर त्याला श्रेयाचा चेहरा बदललेला दिसला. ती त्याच्या मागं बघत होती.

तिघं जण आले होते. पुढं श्रेयाचा सख्खा भाऊ सत्यम, वय पंचवीसच्या आसपास, हातात लोखंडी पाइप. त्याच्या मागं चुलतभाऊ शिवराज, त्याच्याजवळ ऊस तोडायचा कोयता. तिसरा त्यांचा मित्र, तो मोबाइलवर चित्रण करत होता.

सत्यम सरळ आकाशवर गेला. पहिला पाइप खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. आकाश खाली पडला तसं श्रेयानं त्याच्यावर अंग टाकलं. सत्यमनं तिला केसांना धरून बाजूला ओढलं.

"दादा, मला मार! मला मार ना, त्याला सोड!"

"तुलाबी हायेच. आधी ह्याला."

शिवराज मात्र सर्जेरावसमोर येऊन उभा राहिला, आणि त्यानं चक्क नमस्कार केला. "काका, राम राम. गाव कोणतं?"

सर्जेरावनं गाव सांगितलं. आडनाव सांगितलं.

"म्हंजी आपलेच की तुमी. काका, ह्यो आमच्या घरातला मामला हाय. तुमी खाली जाऊन गाडीत बसा. तुमच्या केसालाबी धक्का लागणार नाय."

इथं काय झालं ते सर्जेरावनं मला जसं सांगितलं तसं लिहितो. तो म्हणाला, "खरं सांगू भाऊ, मी जाणार व्हतो. त्यो आपलेच म्हणला, अन् माझा पाय खरंच मागं फिरला. त्या पोराचं रक्त दगडावर वाहत व्हतं, पोरगी वरडत व्हती, अन् मी वाट बघत व्हतो मागं जायची. पन शिवराजनं माझ्या खांद्याला हात लावला. 'चला, बिगी बिगी,' म्हणून ढकललं. ढकललं नसतं ना, तर मी गेलो असतो."

त्याला ढकललेलं चालत नसे. त्यानं शिवराजच्या नाकावर ठोसा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला, पण कोयता सुटला नाही. शिवराजनं तोंडभर रक्त घेऊन आडवा वार केला. सर्जेरावनं डावा हात मध्ये घातला. कोयता कोपराखाली हाडापर्यंत गेला आणि अडकला. शिवराज तो ओढून काढत होता तेवढ्यात सर्जेरावनं ढासळलेल्या भिंतीतला दगड उजव्या हातानं उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. एकदा, पुन्हा एकदा. मनगट उलटं वळलं. शिवराज किंचाळत खाली बसला आणि कोयता गवतात पडला. मोबाइलवाला ते बघून मागच्या मागं पळाला.

तिकडं सत्यमनं बहिणीला लाथ मारून दूर केलं होतं आणि आकाशच्या डोक्यावर तिसऱ्यांदा पाइप उगारला होता. सर्जेरावनं त्याला मागून कमरेला धरलं, उचललं आणि कमानीच्या खांबावर फेकलं. पाइप घरंगळत गेला. सत्यमचं डोकं दगडावर आपटलं, तो खाली घसरला आणि पडला. डोळे उघडे होते पण नजर कुठं लागत नव्हती.

भांडण तिथं संपलं होतं. एक मोडलेलं मनगट धरून बसला होता, एक पळाला होता, एक पडला होता.

सर्जेराव सत्यमच्या छातीवर बसला. डाव्या हातातनं रक्ताची धार लागली होती, ती पोराच्या शर्टावर सांडत होती. उजव्या मुठीनं त्यानं मारायला सुरुवात केली. ओठ फुटले, गाल फाटला, एक डोळा बंद झाला. पोरगं हात वर करत नव्हतं. मग सर्जेरावनं त्याचे केस धरले आणि डोकं खालच्या फरशीवर आपटू लागला.

श्रेया आपल्या स्कार्फनं आकाशचं डोकं दाबून धरत होती. तिनं वर बघितलं.

"काका, सोडा! काका, पडला तो! माझा भाऊ हाय हो तो!"

त्याला ऐकू येत नव्हतं. तिनं धावत येऊन त्याचा शर्ट ओढला, फाटला. त्याच्या खांद्याला कडकडून चावली. त्यानं कोपरानं तिला झटकून टाकलं, ती दगडावर जाऊन पडली. मग तिला समोर तो पाइप दिसला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि ज्या माणसानं तिच्या नवऱ्याचा जीव वाचवला होता, त्याच्या पाठीत घातला. सर्व ताकदीनं.

सर्जेराव कलंडला. थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग उठून बसला आणि आपल्या हातांकडं बघायला लागला, हे कुणाचे म्हणून.

आरडाओरडा ऐकून गुरं चारणारे हळद्याचे लोक वर आले. त्यांनी खालनं बाजा आणवल्या. एका बाजेवर आकाश, दुसऱ्या बाजेवर सत्यम. श्रेया दोन्हींच्या मध्ये चालत होती, कधी याचा हात धरत होती कधी त्याचा. सर्जेराव सगळ्यांच्या मागून, हाताला फडकं गुंडाळून उतरला.

सगळ्यांना शहरात घाटी नावाच्या सरकारी दवाखान्यात आणलं. आकाशच्या कवटीला चीर गेली होती, तो वाचला. आजही त्याचा डावा पाय किंचित ओढतो आणि बोलताना एखादा शब्द त्याला शोधावा लागतो. सत्यमही वाचला, पण वाचला म्हणायचं ते श्वास चालू आहे म्हणून. मेंदूला मार बसला होता. त्याला माणसं ओळखू येत नाहीत. भरवावं लागतं, पुसावं लागतं. त्याची आई सरूबाई त्याच्या खाटेजवळून हलत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी पळून गेलेल्या मित्राचं चित्रण सगळ्या शहराच्या मोबाइलवर फिरलं. त्यात सर्जेराव शिवराजशी झुंजतो तेवढं होतं. पुढचं नव्हतं, कारण चित्रण करणारा तिथून पळाला होता. ते बघून शहर पेटलं. कुणी म्हणालं, असा एक माणूस प्रत्येक गडावर पाहिजे. सर्जेरावच्या खाटेपुढं हार आले, पुढारी आले, फोटो निघाले. तेव्हाच पडेगावात त्याच्या घराच्या काचा फुटल्या आणि बोलेरोवर कुणीतरी डांबर ओतलं. त्याच्या गावाकडच्या भावकीनं निरोप धाडला की आमच्या दारात पाय ठेवू नकोस. तू घरच्यावर हात उचलला. सर्जेराव हसून म्हणाला, "हे त्यायला आता कळलं व्हय?"

चंपाबाई रोज डबा घेऊन यायची. श्रेयाशी तिची तिथंच ओळख झाली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर दोघी बसलेल्या असायच्या. श्रेयानं तिला सगळं सांगितलं. चित्रणात नव्हतं तेही.

एके दिवशी चंपाबाई नवऱ्याचा डबा न देताच सत्यमच्या वॉर्डात गेली. सरूबाई वाटीतली पेज चमच्यानं पोराच्या तोंडात घालत होती. निम्मी बाहेर येत होती. चंपाबाईनं पदरानं त्याची हनुवटी पुसली. दोघी बराच वेळ तसंच करत राहिल्या, एक भरवायची, दुसरी पुसायची.

"तुमी कुणाच्या?" सरूबाईनं विचारलं.

"सर्जेराव ड्रायव्हर. त्यांची बायको."

सरूबाईच्या हातातला चमचा थांबला. आता ही आपल्याला हाकलणार, असं चंपाबाईला वाटलं. पण सरूबाई म्हणाली, "तुझ्या मालकानं माझ्या पोराचं असं केलं."

"व्हय."

"अन् माझा पोरगा माझ्याच लेकीचं कुंकू पुसाया गेल्ता." तिनं पुन्हा चमचा भरला. "बाई, मी कुणाला शिव्या देऊ, सांग."

चंपाबाईनं पुढचा घास पुसला.

सर्जेराव घरी आला तेव्हा त्याच्यावर गुन्हा दाखल झालेला होता, जामीन मिळाला होता. त्याच आठवड्यात एका संघटनेनं भर चौकात त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, लेझीम. मीही गेलो होतो. व्यासपीठावर सर्जेराव लग्नातल्या नवरदेवासारखा दिसत होता. एका वक्त्यानं माइकवर विचारलं, "या वाघाची वाघीण कुठं हाय?" चंपाबाई आली नव्हती.

सत्कार संपल्यावर मी त्याला घरी सोडायला गेलो. चंपाबाई पिशवी भरत होती. दोन लुगडी, संध्यानं दिलेली शाल, देव्हाऱ्यातला एक लहान फोटो.

"कुठं निघाली?" सर्जेरावनं फेटा काढत विचारलं.

"संध्याकडं."

"आज? आज सगळं गाव मला हार घालतंय, अन् तू आज निघाली?"

मी उठून बाहेर जायला लागलो. चंपाबाई म्हणाली, "बसा भाऊ. इतकी वर्षं कुणी बसलंच नाय." मग नवऱ्याकडं वळून, आवाज न चढवता, ती बोलली, "त्या पोराच्या डोक्यावर पाइप उगारला व्हता, तवा तुमी त्याला उचलून फेकलं. ते त्या लेकरायसाठी व्हतं. बरं केलं. मी म्हणते, लई बरं केलं. पन त्यो पडल्यावर त्याच्या छातीवर बसून हाणलं, ते कुणासाठी?"

"तवा थांबता येत नव्हतं मला."

"अन् मला मारताना येत व्हतं का?"

सर्जेरावच्या हातात फेट्याचा पदर तसाच राहिला.

"मी वार्डात त्या पोराचं तोंड बघितलं," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, कसं मारलं, काय मारलं. मला कुणी सांगायची गरज नाय. कोणता ठोसा कुठं बसतो ते मला ठावं हाय. मी त्याच्या तोंडाकडं बघत व्हते अन् मला माझंच तोंड दिसत व्हतं." तिनं पिशवीचे बंद ओढले. "ह्या हाताला लोकं हार घालणार असतील तर मला त्याच्या शेजारी उभं राहायचं नाय."

ती गेली. तो दारापर्यंत आला, पण बाहेर पडला नाही.

नंतरची दोन-अडीच वर्षं सर्जेराव एकटाच राहिला. डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती, तरी डांबर खरवडून त्यानं गाडी रस्त्यावर काढली. गिऱ्हाइकं यायची ती आता किल्ले बघायला कमी आणि त्याला बघायला जास्त. वेताळवाडीला चला, तिथं उभे राहा, कसं झालं ते दाखवा, असं म्हणायची. एका टोळक्यानं त्याला दगड हातात घेऊन उभं राहायला सांगितलं, फोटोसाठी. त्यानं दगड खाली ठेवला, त्यांना गाडीत घातलं, परत आणून सोडलं आणि त्यानंतर तिकडची भाडी बंद केली. त्या पोरांना त्यानं हात लावला नाही. मला ते मुद्दाम येऊन सांगितलं. मी चहा ठेवला.

खटला उभा राहिला. शिवराजवर आणि त्याच्या मित्रावर खुनाच्या प्रयत्नाचा, सोबत ॲट्रॉसिटीचा. सत्यम खटल्याला उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता. सर्जेरावचा खटला वेगळा चालला, सत्यमला जन्माचं अपंग केल्याचा. त्याच्या वकिलानं त्याला नीट पढवलं होतं, "तो पुन्हा उठत होता, पाइपाकडं हात नेत होता, एवढं म्हणा. स्वसंरक्षण होतं. सुटाल."

श्रेयाची साक्ष झाली. तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या. काकांनी आकाशला वाचवलं हे सांगितलं, आणि भाऊ पडल्यावर काय झालं तेही सांगितलं. बोलताना ती सर्जेरावकडं बघत होती, आणि रडत होती. मग सर्जेरावला विचारण्यात आलं, की याबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का.

तो उभा राहिला. "ती पोरगी बोलली ते खरं हाय साहेब."

न्यायाधीशांनी विचारलं, "तो पुन्हा उठण्याचा प्रयत्न करत होता का?"

वकील त्याच्याकडं बघत होता.

"नाय साहेब. त्यो उठत नव्हता. त्याचा हातबी हालत नव्हता. मी मारत व्हतो."

वकिलानं फाइल बंद केली. शिवराजला आणि त्याच्या मित्राला मोठी शिक्षा झाली. सर्जेरावला, परिस्थिती लक्षात घेऊन, तीन वर्षांची. शाल घालणाऱ्यांपैकी त्या दिवशी कोर्टात कुणी नव्हतं. बाहेर व्हॅनजवळ मी त्याला म्हटलं, "सर्जेराव, एवढं एक वाक्य बोलला असतास तर घरी असतास."

"घरी कोण हाय?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "भाऊ, मी आजवर लोकायला लई मारलं. पन कुणाला मारलं म्हणून कधी तोंडानं बोललो नव्हतो. आज बोललो."

आकाश आणि श्रेया आता नाशिकला असतात. श्रेया महिन्यातून एकदा माहेरी जाते, भावाला भरवायला. बाकीचे तिला दारात घेत नाहीत, पण सरूबाई तेवढ्या वेळेपुरतं मागचं दार उघडते.

गेला हिवाळा सरता सरता चंपाबाईचा फोन आला. हर्सूलच्या तुरुंगात भेटीला जायचं होतं, कागदपत्राचं मला कळतं म्हणून मी बरोबर गेलो. काचेपलीकडं सर्जेराव येऊन बसला. केस पूर्ण पांढरे झाले होते. चंपाबाईनं फोन उजव्या कानाला लावला.

"मी तुमाला माफ केलं म्हणून आले असं समजू नका."

"नाय समजत."

"सिडकोतच राहणार हाय मी. तुमी सुटल्यावरबी."

"बरं."

मग ती म्हणाली, "परवा वेताळवाडीला जाऊन आले. संध्याच्या संगं. मला बघायचं व्हतं, कुठं झालं ते."

सर्जेराव काचेजवळ सरकला. तिच्या फोनमधून त्याचा आवाज माझ्यापर्यंत अस्पष्ट ऐकू येत होता. "वर चढलीस?"

"चढले की. चढ लई हाय. उतरताना गुडघे बोलायला लागले."

"कसा वाटला किल्ला?"

चंपाबाईनं विचार केला. "शाळेची पोरं आल्ती. बारादरीत बसून डबे खात व्हती. मला वाटलं व्हतं तिथं काही डाग-बिग दिसंल. काहीच नाय. वारा तेवढा लई." मग म्हणाली, "इतकी वर्षं तुमी लोकायला हे सगळं दाखवत हिंडले. मला एकदाबी म्हणले नाय, चल."

शिपायानं वेळ संपल्याची खूण केली. चंपाबाईनं फोन जागेवर ठेवला, पदर सावरला आणि मागं न बघता बाहेर पडली.

फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो. ऊन चांगलंच तापलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "अजून कोणते किल्ले हायेत आपल्या इकडं?"

मी म्हटलं, सुतोंडा आहे. कातळात कोरलेला दरवाजा आहे, पाण्याची टाकी आहेत. खालच्या गावापर्यंत गाडी जाते.

"लई चढ हाय?"

"बऱ्यापैकी."

"मग आता नाय. पुढच्या थंडीत जाऊ," ती म्हणाली, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.